आधी आपण झोपायचं

जेवण झालं का, असं लोक विचारतात. त्या विचारायच्या, "झोप झाली का?" भाजीवाल्याला, वॉचमनला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला, सगळ्यांना तोच प्रश्न. आणि उत्तराची वाट बघायच्या नाहीत. समोरच्याच्या डोळ्यांत बघून स्वतःच सांगायच्या. भाजीवाल्याला एकदा म्हणाल्या, "तुझी कच्ची राहिली रं काल. आज वजनात चुकशील तू. मी उद्या घेते कांदे." तो बिचारा तराजू हातात धरून उभाच राहिला.

झोपेची नावंच होती त्यांच्याकडे. सायीची झोप म्हणजे वरवरची, बोट लागलं की मोडणारी. बाजरीची झोप थंडीतली, जड, दोन्ही कुशी भरून. रुसकी झोप भिंतीकडे तोंड करून घेतलेली, ती मोडू नये, तशीच निवू द्यावी. आणि पाव्हण्याची झोप म्हणजे परक्या घरातली, एक कान उघडा ठेवून घेतलेली. मला पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "तू पाव्हण्याची झोप घेतीस गं. किती दिवसांपासून?" मला इतका राग आला! ओळख ना पाळख, आणि ही बाई माझ्या झोपेत डोकावतेय.

मी त्यांना मावशी म्हणायचे. त्या मला 'नवी' म्हणायच्या. "ए नवी!" अशी खणखणीत हाक. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण मी शेवटपर्यंत नवीच राहिले, कारण मी त्यांच्या जागेवर आले होते.

इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट. नवरा-बायको दोघंही नोकरीला आणि सव्वादोन वर्षांची इरा. इरा तीन महिन्यांची असल्यापासून मावशींनी तिला सांभाळलं होतं. मग एक दिवस मॅडमनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि गणपती झाल्यावर मी लागले. सांभाळणारी बदलली की आधीची कुठेतरी लांब निघून जाते, पुन्हा दिसत नाही. इथे तसं नव्हतं. मावशी समोरच्याच बिल्डिंगमध्ये, तिसऱ्याच मजल्यावर, एका खोलीत एकट्या राहायच्या. मधे फक्त गल्ली. आज त्यांनी कोणतं लुगडं वाळत घातलंय ते आमच्या खिडकीतून दिसायचं.

पहिल्या दिवशी मॅडमनी तीन गोष्टी सांगितल्या. इराला मोबाइल द्यायचा नाही. टीव्ही लावायचा नाही. आणि दुपारी तिला झोपवताना तुम्ही झोपायचं नाही. "बेडरूममध्ये कॅमेरा आहे, ताई. मी ऑफिसमधून बघत असते. वाईट वाटून घेऊ नका." मला कशाला वाईट वाटतंय? मी म्हटलं, खुशाल बघा. "एक महिना बघू. इरा रुळली तर कायम. मग तुमच्या मुलीला सोबत आणलंत तरी चालेल. इरालाही कंपनी होईल."

बस, त्या शेवटच्या वाक्यासाठी मी काहीही केलं असतं. माझा नवरा अंबडला कंपनीत, आज दिवसपाळी तर उद्या रात्रपाळी. मुलगी माझ्या आईकडे, इगतपुरीला, दीड वर्षाची असल्यापासून. आपलं नाशकात बस्तान बसलं की तिला आणायची, असं आम्ही म्हणत होतो. बस्तान काही बसेना. कधी माझं काम सुटायचं, कधी खोली बदलावी लागायची. म्हणता म्हणता पोरगी साडेतीनची झाली. माझ्या ताटातला घास दुसऱ्याच्या लेकराला भरवायचा आणि आपलं लेकरू फोनवर बघायचं, असं किती दिवस चालवायचं?

इरा दिवसभर माझ्याशी बरी वागायची. घास घ्यायची, अंघोळीला कुरकुर करायची, तेवढंच. पण दुपारचा एक वाजत आला की ती माझी राहायची नाही. पलंगावर चढायची, खिडकीचं ग्रिल दोन्ही हातांनी धरायची आणि उभी राहायची. ती खिडकी पार गादीपर्यंत खाली आलेली. थोड्या वेळाने आपोआप बसायची, मग कुशीवर व्हायची, गालाखाली हात घ्यायची आणि झोपायची. मी पायथ्याशी बसून गाणं म्हणायचे. कॅमेऱ्याला माझे उघडे डोळे दिसावेत म्हणून मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसायचे. आणि माझ्या गाण्याने पोर झोपतं, असं समजून फुगायचे. आईला फोनवर सांगितलं, "अगं, माझा आवाज कानावर पडला की पाच मिनिटांत गार!" नवऱ्यालाही ऐकवलं. त्याने नुसतं हं केलं.

त्या गल्लीतल्या दुपारी मात्र मी जन्मात विसरणार नाही. एक ते तीन सगळं थांबायचं. उन्हाचा चौकोन फरशीवरून इतका हळू सरकायचा की बघत राहिलं तर सरकलेलाच कळू नये. पडदा पोटात हवा भरून घ्यायचा आणि सोडून द्यायचा. कुणाच्या घरातून कुकरची शिट्टी नाही, खुर्ची ओढल्याचा आवाज नाही. भंगारवाला गाडीवर भोंगा लावून अख्खं इंदिरानगर डोक्यावर घ्यायचा, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला की भोंगा बंद करायचा आणि गाडी हाताने ढकलत, चोरपावलांनी पलीकडे जायचा. मला वाटायचं, केवढी शहाणी गल्ली! नंतर वॉचमनकडून कळलं की हे सगळं मावशींचं काम. दीड वर्षापूर्वी इराच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी दोन्ही बिल्डिंगमधली दारं वाजवून सांगितलं होतं, "एक ते तीन पोर झोपतं. कुकर बाराच्या आत लावा." लोक आधी हसले. मग सवय झाली. मावशींची नोकरी सुटली, तरी सवय राहिली.

झोपलेल्याला उठवायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम, आणि तो फक्त लेकरांपुरता नव्हता. एकदा सिलेंडरवाला दुपारी दोनला आला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा सिलेंडर, आणि आजोबा झोपलेले. मावशी जिन्यात उभ्या. त्याला म्हणाल्या, "बस की दोन मिनिटं. म्हातारं माणूस हाय, आत्ता कुठं लागलाय डोळा." तो पायरीवर टेकला. बसल्या बसल्या त्याचाच डोळा लागला. मग त्याला कोण उठवणार? मावशी नियम मोडतील होय! साडेतीनपर्यंत गाडी गल्लीत आडवी, मागे दोन रिक्षा अडकलेल्या, आणि ह्या रिक्षावाल्यांना तोंडावर बोट ठेवून खुणा करतायत. वॉचमन हे सांगताना हसून हसून खाली बसला होता.

तर, ऑक्टोबर लागला. ऊन असं तापलं की खिडकीतून झळ यायला लागली. माझ्या कामाच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. एक वाजता मी पडदा लावला आणि गाणं सुरू केलं. इराने जी किंकाळी फोडली, ती मला पायाच्या नखापर्यंत जाणवली. खेळणं दिलं, फेकलं. कडेवर घेतलं, ताठ झाली. शेवटी पडदा बाजूला केला तशी एकदम गप्प. मी पहिल्यांदाच वळून बाहेर बघितलं.

समोरच्या गॅलरीत मावशींनी गोधडी अंथरली होती. आमच्याकडे तोंड करून त्या आधी बसल्या, मग गुडघा धरत हळूच कुशीवर झाल्या, गालाखाली हात घेतला आणि डोळे मिटले. इकडे इरा बसली, कुशीवर झाली, गालाखाली हात घेतला आणि तिनेही डोळे मिटले. मी तोंड उघडं ठेवून दोघींकडे बघत राहिले. तीन आठवडे मी भिंतीला गाणी म्हणत होते!

तळपायाची आग मस्तकात गेली. काढून टाकलेली बाई पलीकडून माझी नोकरी करतेय, आणि पोरगी तिच्यामागे झोपेत जातेय. दुसऱ्या दिवशी मी पडदा लावला आणि पिना टोचल्या. तीन दिवस इरा रडून रडून निळी व्हायची, संध्याकाळी तिला ताप. ऑफिसमधून मॅडमचा फोन, "ताई, काय चाललंय? आधी तर छान झोपायची." महिना संपायला आठच दिवस उरले होते. चौथ्या दिवशी मी निमूटपणे पिना काढल्या. आणि संध्याकाळी घरी न जाता समोरचा जिना चढले, सरळ भांडायला.

दार उघडंच होतं. "भांडायला आलीस व्हय?" मावशी म्हणाल्या. "बस. आधी पानी पी, मंग भांड."

पाणी प्यायल्यावर भांडायचं कसं? तरी मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तिला तुमची सवय लावून ठेवलीत. मी काय करायचं?"

"तू काय करतीस ते दिसतं मला. बसती टक्क डोळे उघडून, वाटेवर पोलीस बसल्यावानी. पोर झोपंल कसं? अगं, झोप म्हंजी दुसरं गाव हाय. तिथं पोरानं एकटीनं जायचं व्हय? भ्यायचं नाय ते? आधी आपण झोपायचं. आपण पुढं व्हायचं, मंग ते येतं मागं मागं." असं म्हणून त्यांनी हवेत हात असा पुढे नेला, जणू मागे कुणाचं तरी बोट धरलंय. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मला माझ्याच लहानपणीची एक दुपार आठवली, आईच्या पाठीचा उबदार वास आलेली.

मग त्या आपणहून बोलायला लागल्या. "मला नाय कळलं बघ, का काढलं ते. मॅडम म्हनल्या, विश्वास राहिला नाय. कशावरचा, ते नाय सांगितलं." त्यांनी खोलीकडे हात केला. "पोरीचं एक पैंजण सापडत नव्हतं तवा. मला वाटतं तेच. मी सगळं हुडकलं. माझ्या पिशवीत, लुगड्याच्या घड्यांत. पिठाचा डबा चाळून बघितला दोनदा. गोधडी रोज झटकते. चुकून माझ्यासंगं आलं आसंल तर? नाय सापडलं. आता दुसरीकडं काम बी नाय धरवत. इचारलं कुणी, का सोडलं, तर काय सांगू?"

पैंजण! ते तर सोफ्याच्या फटीत होतं, मला कामाच्या दुसऱ्याच दिवशी मिळालं होतं. मॅडमनी त्याचं नाव कधी काढलं नव्हतं. मी तसं सांगणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आन् हे बघ, ते भिंतीवरचं डासाचं मशीन हाय ना, लाल डोळ्याचं? त्याच्यावर दुपारी झबलं टाकत जा. उजेड येतो तिच्या तोंडावर. मी रोज टाकायची."

मला एका क्षणात सगळं दिसलं. त्यांना कॅमेऱ्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. भिंतीला काहीतरी टोचलेलं, त्यात लाल दिवा, म्हणजे डासांचं मशीन. त्या इराच्या डोळ्यांसाठी त्यावर झबलं टाकायच्या आणि इराच्या बाजूला खुशाल झोपायच्या. आणि तिकडे ऑफिसमध्ये मॅडमना काय वाटलं असेल? बाई रोज कॅमेरा झाकते. काहीतरी लपवते. एका वाक्यात मिटणारी गोष्ट होती. मॅडमना जाऊन सांगायचं, त्यांना माहीत नव्हतं हो. मॅडम वाईट नव्हत्या, त्यांनी मावशींना त्याच दिवशी परत बोलावलं असतं. आणि मग मी कुठे जाणार होते? माझी मुलगी कुठे जाणार होती?

मी म्हटलं, "पैंजण सापडलं हो मावशी. सोफ्यात होतं."

"सापडलं?" त्यांचा चेहरा उजळला आणि पुन्हा विझला. "मंग काय आसंल गं?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं आणि जिना उतरले. खोटं बोलले मी. सरळ तोंडावर.

त्यानंतरचे दीड महिने एखाद्या लांबलेल्या दुपारसारखे गेले. एक वाजता मावशी गोधडी घालायच्या, इरा ग्रिलला लागायची, मीही आता उताणी लवंडायचे, मान जराशी खिडकीकडे. डोळे उघडे, कॅमेऱ्यापुरते. मावशी पलीकडून हाताने खुणा करून शिकवायच्या, श्वास हळू घे, खांदे सोड. कधी कधी उघड्या डोळ्यांनीच मला झोप लागायची. गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी व्हायची. तिघींचा श्वास एका लयीत चाललाय असं वाटायचं, आणि इतकं बरं वाटायचं की मी जे गिळून बसले होते तेही विसरायचे. तीन वाजता जाग आली की ते पुन्हा घशाशी यायचं. समोर मावशी उठून आधी गोधडी झटकायच्या. पैंजण सापडलंय हे कळल्यावरसुद्धा झटकायच्या. आता काय शोधत होत्या, देव जाणे.

नोकरी कायम झाली. दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी मी मुलीला आणायला इगतपुरीला गेले. नवीन फ्रॉक घेतला होता. अंगणात भाताचा पेंढा पसरलेला, त्यात ती खेळत होती. मला बघून उठली, आत पळाली आणि माझ्या आईला म्हणाली, "आई, नाशिकची मम्मी आली."

माझ्या आईला ती आई म्हणत होती. मी उचलायला गेले तर तिने आईचं लुगडं मुठीत धरलं आणि भोकाड पसरलं. आई कानकोंडी होऊन म्हणाली, "मी नाही गं शिकवलं तिला." मला माहीत होतं तिने शिकवलं नव्हतं. तरी मला आईचा राग आला, सख्ख्या आईचा. वाटलं, हिच्यापासून पोरगी तोडून न्यावी आणि पुन्हा हिला भेटूच देऊ नये. माझ्या पोरीला दोन वर्षं जिने छातीशी धरलं, तिच्याबद्दल हे मनात आलं माझ्या! मी एकटीच परत निघाले. एसटीत खिडकीला डोकं टेकवलं आणि गोधडी झटकणाऱ्या मावशी डोळ्यांपुढून हलेनात. माझ्या आईचा काही दोष नव्हता. त्यांचाही नव्हता, आणि ते मला माहीत होतं.

सोमवारी मॅडम घरूनच काम करत होत्या. साडेबाराला त्या पाणी प्यायला किचनमध्ये आल्या आणि मी सांगून टाकलं. मशीन, लाल डोळा, झबलं, सगळं. "त्यांना कॅमेरा आहे हेच माहीत नव्हतं, मॅडम. त्या काही लपवत नव्हत्या."

मॅडम ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं, ताई."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"झबलं टाकलं तरी आवाज येतो ना. दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. मी मीटिंगमध्ये कानाला लावून बसायचे. 'डोळ्यावर उजेड येतो माझ्या बाईच्या,' म्हणायच्या आणि झाकायच्या. मी रोज ऐकायचे. दोघींचे श्वाससुद्धा." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "एक दिवस त्या इराला म्हणाल्या, 'आई येईल हं संध्याकाळी.' आणि इरा म्हणाली, 'नको. तू.' बस, एवढंच. मी त्याच संध्याकाळी त्यांना काढलं. काय कारण सांगणार होते? विश्वास राहिला नाही म्हटलं."

त्या रडत होत्या. आदल्याच दिवशी मी पण एसटीत असंच रडले होते, म्हणून मी त्यांचा ग्लास पुन्हा भरून पुढे सरकवला.

"त्या परत आल्या तर तुमचं काय, हा विचार केलात?" त्यांनी विचारलं.

"केलाय."

त्यांनी इराला कडेवर घेतलं आणि घरातल्या चपलांवरच खाली उतरल्या. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. एक वाजत आला होता. गल्ली नेहमीसारखी निवत चालली होती, ऊन, पडदे, सगळं. समोरच्या गॅलरीत अंथरलेल्या गोधडीवर मॅडम बसल्या. इरा मावशींच्या मांडीत. मॅडम खाली मान घालून बोलत होत्या, मावशी ऐकत होत्या. ऐकू काहीच येत नव्हतं. मी मनात माझी पिशवी भरायला घेतली होती.

मग मावशी उठल्या, गॅलरीच्या कठड्याला धरलं, आणि एक ते तीनमधे कुणी शिंकलं तरी डोळे वटारणाऱ्या त्या बाईने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.

"ए नवी! माझ्यावर काय आळ नव्हता गं! काय बी नव्हता!"

पटापट खिडक्या उघडल्या. खालचे आजोबा बाहेर आले. कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. मावशींना कशाची पर्वा नव्हती. "ऐका सगळ्यांनी! मी काय घेतलं नव्हतं, काय लपवलं नव्हतं!" मग पुन्हा माझ्याकडे बोट करून, "आन् तू कुठं जायची नाय! मला आता दोन-दोन जिने चढवत नाय. मी हितनंच झोपवते. तुझी पोर बी आन, दोघींना झोपवते! तू सांगितलंस म्हनून कळलं गं. कळल्या कळल्या सांगितलंस. लय सरळ मनाची हायेस!"

मी हात हलवला. दीड महिना मी तोंड शिवून बसले होते, हे मॅडमना माहीत नव्हतं, मावशींना तर नव्हतंच. तेव्हा सांगायला हवं होतं. पुढे दोन वर्षं आम्ही दुपारी समोरासमोर झोपलो, माझी मुलगी इराच्या शेजारी, आणि रोज डोळे मिटण्याआधी मला वाटायचं, आज उठल्यावर सांगू. मावशी गेल्या वर्षी गेल्या. मी सांगितलं नाही.